पुनर्विलोकन आणि फेरविचार: एकच का?

प्रश्न: निवडणूक रोख्यांच्या (राजकीय पक्षांना देणगी देण्याच्या रोख्यांच्या) खटल्यावरच्या एका लेखात 'न्यायालयीन पुनर्विलोकन' आणि 'फेरविचार याचिका' असे दोन्ही शब्द आले. दोन्हीकडे पुन्हा पाहणेच आहे. मग अर्थ एकच समजायचा का?

उत्तर: नाही. पाहणारे सर्वोच्च न्यायालयच, पण पुढ्यात काय आहे ते बदलते. पुनर्विलोकनात संसदेचा कायदा किंवा सरकारचा निर्णय राज्यघटनेला धरून आहे का, ते तपासतात. फेरविचारात पुढ्यात असतो न्यायालयाचा स्वतःचाच निकाल. तुमचाच खटला घ्या. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रोखे योजना घटनाबाह्य ठरवली, ते पुनर्विलोकन. त्या निकालाविरुद्धच्या फेरविचार याचिका त्याच वर्षी फेटाळल्या गेल्या, तो राज्यघटनेच्या अनुच्छेद १३७ चा, म्हणजे न्यायालयाने स्वतःचाच निकाल पुन्हा पाहण्याच्या अधिकाराचा मामला. त्यात बहुधा वकिलांना उभे राहायलाही मिळत नाही. न्यायमूर्ती दालनात कागद वाचून निकाली काढतात. निकालात ढळढळीत चूक दाखवता आली तरच काही आशा. तिथेही हरलात तर २००२ च्या एका निकालाने आणलेली उपचारात्मक याचिका उरते, पण तिला यश क्वचितच.

आणखी एक उत्तर: वरचे बरोबर, पण तहसील कचेरीत हा हिशेब उलटा होतो! महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम २५७ पुनरीक्षणाचे, २५८ पुनर्विलोकनाचे. फेरफाराच्या भांडणात वरिष्ठाने खालच्याचे दप्तर मागवून तपासले की पुनरीक्षण. अधिकाऱ्याने स्वतःचा किंवा त्या खुर्चीवरच्या आधीच्याचा आदेश पुन्हा पाहिला की पुनर्विलोकन. म्हणजे दिल्लीत ज्याला फेरविचार म्हणतात तेच. त्यामुळे नुसते 'पुनर्विलोकन' न लिहिता 'कायद्याचे' की 'आदेशाचे' हे सांगून टाकावे.

प्रश्नकर्ता: आभार. मग 'न्यायालयाने कायदा रद्द केला' हे तरी चालेल ना?

उत्तर: बोलण्यात चालते, बातम्यांतही सर्रास असते. लिहिताना मी 'घटनाबाह्य ठरवला' म्हणेन. कायदा रद्द करणे हे संसदेचे किंवा विधिमंडळाचे काम. न्यायालय तो निष्प्रभ करते, पुस्तकातून पुसत नाही. ऑनलाइन आक्षेपार्ह संदेशांसाठी शिक्षा सांगणारे, माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६अ पाहा. २०१५ मध्ये ते घटनाबाह्य ठरले, तरी मजकूर पुस्तकात तसाच राहिला आणि खाली तळटीप आली. ती वाचतो कोण? अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक, पण पोलीस ठाण्यांत त्या कलमाखाली गुन्हे नोंदवणे चालूच होते. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की या कलमाखाली कोणावरही खटला चालवायचा नाही.