वाई, जुन्नर की अकोले? बिऱ्हाड हलवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात भाड्याने राहतो. मुलगी ५ वर्षांची, मुलगा दीडचा. माझं काम घरून चालतं, नवऱ्याला आठवड्यातून एकदा ऑफिस गाठावं लागतं. मुलांनी डोंगर फक्त सुट्टीत बघू नयेत, एवढीच मनापासून इच्छा आहे.

पाचगणीचं भाडं झेपणारं नाही, शिवाय पावसाळ्यातली ओल धाकट्याच्या छातीला सोसणार नाही. पसरणी घाट उतरला की वाई: कृष्णेचा घाट, पांडवगड आणि वैराटगड जवळ, पाऊसही पाचगणीपेक्षा कमी. माझं मन तिथेच अडकलंय. जुन्नरला शिवनेरी डोळ्यांसमोर, नाणेघाट आणि जीवधनही फार लांब नाहीत. पण उसातल्या बिबट्यांमुळे संध्याकाळी मुलांना अंगणात सोडता येतं का? अकोल्याकडे रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई आहेत, पण पुणे लांब पडतं.

तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा: दोन खोल्या-स्वयंपाकघराचं भाडं किती? चांगली मराठी शाळा आहे का? उन्हाळ्यात नळाला पाणी रोज येतं का? आणि रात्री मुलाला ताप चढला, तर बालरोगतज्ज्ञ गावात मिळतात की साताऱ्याला किंवा नारायणगावला पळावं लागतं? जूनपूर्वी शाळेचं ठरवायचंय.