जुना क्यूआरपी ट्यूनर किती वॅटपर्यंत चालवावा?

प्रश्न (जुळे सोलापूर)
सर्व हॅम (हौशी रेडिओ) मित्रांना नमस्कार. मंगळवार बाजारात भंगाराच्या ढिगात मला हाताने बनवलेला जुना अँटेना ट्यूनर (सेट आणि अँटेना यांचा मेळ घालणारी डबी) मिळाला. आत ट्रान्झिस्टर रेडिओत असतात तसे प्लास्टिकच्या डबीतले दोन गँग (फिरवून बदलायचे कपॅसिटर), लाल टोरॉइडवरची (कडीसारख्या गाभ्यावरची) कॉइल आणि मेळ बसला का ते दाखवणारा, एलईडी लावलेला रेझिस्टरांचा ब्रिज आहे. वर फक्त ‘क्यूआरपी’ असे लिहिले आहे. गच्चीवरून कडुनिंबापर्यंत २० मीटर तार ओढून मी ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) काम करतो. माझा सेट १०० वॅटचा असून तो २० वॅटवर उतरवला, तर या ट्यूनरला सोसेल का?

उत्तर १ (होटगी रस्ता)
क्यूआरपी म्हणजे कमी पॉवरचे काम, रूढ अर्थाने मोर्सला ५ वॅट आणि एसएसबीला (आवाजाच्या प्रसारणाला) १० वॅट पीईपी (शिखरावरची पॉवर). मात्र गँगमधील प्लास्टिकचा पापुद्रा वॅटने नव्हे, व्होल्टने फुटतो. ५० ओहमच्या लोडवर २० वॅटला जेमतेम ४५ व्होल्टचे शिखर येते. पण आपली तार ७ मेगाहर्ट्झवर अर्ध्या तरंगलांबीची असल्याने तिच्या टोकाचा इम्पिडन्स (एसी प्रवाहाला होणारा विरोध) अडीच हजार ओहमच्या घरात जाऊ शकतो आणि तिथे तेच २० वॅट ३१६ व्होल्टपर्यंत चढतात. ५ वॅटला हाच आकडा १५८ होतो. मी तरी ५ वॅटच्या पुढे जाणार नाही. शिवाय काही १०० वॅटचे सेट पॉवर कमी ठेवली तरी मोर्सची कळ दाबताक्षणी क्षणभर जास्त पॉवरवर उसळतात, हेही ध्यानात ठेवावे.

उत्तर २ (अक्कलकोट रस्ता)
वरील हिशेब बरोबर आहे, परंतु माझ्या मते गँगच्या आधी ब्रिज जळेल. मॅच झाल्यावर (मेळ बसल्यावर) ब्रिजच्या चारही भुजा (तीन रेझिस्टर आणि चौथी अँटेना) पॉवर समान वाटून घेतात, म्हणजे २० वॅटला प्रत्येक रेझिस्टरवर ५ वॅट आणि अँटेनाला उरलेले ५. ट्यूनिंग संपताच स्विचने ब्रिज बाजूला काढावा. एफटी८ (संगणकाने पाठवायचा डिजिटल प्रकार) वापरत असाल, तर दर फेरीत सुमारे १३ सेकंद सलग पूर्ण पॉवरचा सिग्नल जातो, त्यामुळे कॉइललाही उसंत मिळत नाही. एसएसबीत बोलताना ती मिळते. (आमच्याकडे यंत्रमागाचा कापूस हवेच्या गँगच्या पाकळ्यांत जाऊन ठिणग्या पडतात, आपला गँग बंद डबीतला आहे, एवढे तरी बरे.)

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. उघडून पाहिले, तर रेझिस्टर अर्ध्या वॅटचे निघाले आणि एक आधीच काळवंडलेला आहे.

उत्तर २ (अक्कलकोट रस्ता)
मग ५ वॅटलाही ते अडीचपट ताणात आहेत. प्रत्येकाच्या जागी २०० ओहमचे, एक वॅटचे चार मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडावेत. वायरवाउंड (तार गुंडाळलेले) मुळीच नको. तोवर २ वॅटवरच ट्यून करावे. ७३ (हॅम मंडळींचा शुभेच्छांचा संकेत).