अंबाबाई : किरणोत्सव आणि कोहळ्याची कथा

वाटसरू : कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव नक्की कधी असतो? काही वर्षी किरणं मूर्तीपर्यंत पोचत नाहीत, ते का?

करवीरकर : ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी, शिवाय ९, १०, ११ नोव्हेंबर. देऊळ पश्चिमाभिमुख, त्यामुळे मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. हा क्रम दरवर्षी जुळतोच असं नाही. सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो, तेव्हा ढग, धूळ, बाष्प काहीही आडवं येतं. वाटेतली उंच बांधकामं तर आहेतच. सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी रांगेत राहा. खरा खेळ काही मिनिटांचा.

वाटसरू : आणि ललिता पंचमीला कोहळा का फोडतात?

सांजवात : अंबाबाईने कोल्हासुर या असुराचा वध केला, त्यानंतरच्या विजयोत्सवात त्र्यंबोली देवीला बोलवायचं राहून गेलं, ती रुसून टेकडीवर गेली. समजूत काढायला अंबाबाई स्वतः गेली, अशी कथा. म्हणून ललिता पंचमीला, आश्विन शुद्ध ५ ला, पालखी त्र्यंबोलीला जाते आणि तिथे असुरवधाचं प्रतीक म्हणून कुमारिकेच्या हस्ते कोहळा फुटतो. तुकडा मिळवायला तोबा गर्दी उसळते, लहान मुलांना लांबच ठेवा.

करवीरकर : अंबाबाईच्या मूर्तीच्या खालच्या उजव्या हातातलं म्हाळुंग, म्हणजे लिंबाच्या जातीचं फळ, तेही बघा, पुष्कळांच्या नजरेतून सुटतं.