सल्ला हवा: शास्त्रीय संगीतासाठी टर्नटेबल, बजेट दीड लाख, नागपूर

मनीषनगरकर:
नमस्कार मंडळी. माझे मोठे काका धंतोलीचं घर सोडून आता आमच्याकडे राहतात. सोबत त्यांच्या रेकॉर्डच्या पेट्या आल्या. बहुतेक खयालाच्या एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या), थोड्या ४५ फेऱ्यांच्या ईपी, आणि लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या बऱ्याच. त्यांचा एचएमव्ही फिएस्टा आता चालत नाही. अँप्लिफायर आणि स्पीकर चांगले आहेत, पण अँपला फोनो इनपुट (टर्नटेबल थेट जोडायची सोय) नाही. पिन आणि फोनो स्टेज (पिनचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) धरून दीड लाखाच्या वर जायचं नाही. बेल्ट ड्राइव्ह (मोटर पट्ट्याने थाळी फिरवते) घ्यावं की डायरेक्ट (थाळी थेट मोटरवर)? सीताबर्डी, सदर फिरलो, मला सुटकेसवाले प्लेअरच दाखवले. ७८ वाजल्याच पाहिजेत.

बेल्टप्रेमी:
डोळे मिटून रेगा प्लेनर ३ घ्या. हलकी, ताठ बॉडी आणि आरबी३३० आर्म (पिन धरणारा दांडा). माझ्याकडे आहे, भीमसेनजींचा षड्ज लागला की खोली भरून जाते. दुसरं काही बघूच नका.

सदरवाला:
दीड लाखात काय येते भाऊ? थोडं थांबा, पैसे जमवा आणि लिन एलपी१२ घ्या. पन्नास वर्षांच्या वर झाले, तेच मॉडेल अजून बनून राहिलं. नवीन बेअरिंग, नवीन आर्म, सगळं जुन्यावर बसते. मी पंधरा वर्षांपूर्वीचं घेतलं, एकेक भाग बदलत गेलो. आयुष्यात एकदाच घ्यायचं तर हेच.

मनीषनगरकर:
@सदरवाला दादा, बजेट दीडच आहे. आणि त्यावर ७८ लागतात का?

सदरवाला:
७८ कोण ऐकते आता? त्या डिजिटाइज करून घ्या.

तानपुरा_जवारी:
ज्यांना ७८ ऐकायच्या आहेत ते ऐकतात, दादा. आणि बेल्टप्रेमी, प्लेनर ३ वर फक्त ३३ आणि ४५ आहेत, तेही थाळी उचलून पट्टा हाताने सरकवावा लागतो. धाग्यातली अट वाचून सल्ला द्या.

आता कामाचं. आपल्या संगीतासाठी मशीन पारखायचं असेल तर तबल्यावरून पारखू नका, तानपुऱ्यावरून पारखा. विलंबितातला मोकळा तानपुरा किंवा हार्मोनियमचा लांब धरलेला सूर लावा. वेग जरा जरी हलला तरी सूर डोलतो आणि कानाला लगेच कळतं. पण डोलला म्हणून मशीनला दोष देण्याआधी मोजा. ३३⅓ वर एक फेरा १.८ सेकंदांत होतो. सूर बरोबर तेवढ्या अंतराने वरखाली होत असेल तर बहुधा रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही. आर्म डावीउजवीकडे झुलताना डोळ्यांनीही दिसतो. आपल्याकडच्या जुन्या एलपींत हे पुष्कळ वेळा सापडतं. डोलणं कुठल्याही रेकॉर्डवर, कसंही येत असेल, तर मोटर किंवा पट्टा.

दुसरं असं की एलपीची पिन बाहेरून आत जाते आणि आत जाताना खोबणीचा वेग कमी होत जातो. बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर, लेबलजवळ जेमतेम २०-२१. म्हणजे आलाप निवांत बाहेर आणि द्रुत, ताना, तराणा नेमका त्या अडचणीच्या जागी. तिथेच आवाज फाटतो. म्हणून पाश्चात्त्य पॉप ऐकणाऱ्यापेक्षा आपल्याला पिनची घडण आणि कार्ट्रिजची (पिन जिच्यात बसते ती डबी) मांडणी जास्त महत्त्वाची. मशीन थोडं खालचं घ्या, पण पिन फाइन लाइन किंवा मायक्रोलाइन (टोक जास्त बारीक घडवलेली) घ्या.

बेल्टप्रेमी:
रेगावर पण मायक्रोलाइन बसते. मी तेच म्हणत होतो.

न्यूजर्सी_रिटर्न:
एक महत्त्वाचं. कोणी अमेरिकेहून आणून देतो म्हणालं तर घेऊ नका. आमच्याकडे भावाने बेल्ट ड्राइव्ह पाठवलं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला, व्होल्टेज जुळलं, पण त्या मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. तिथे ६० हर्ट्झ, इथे ५०. ट्रान्सफॉर्मर फ्रिक्वेन्सी बदलत नाही. काळी चारमधलं गाणं पांढरी चारच्याही जरा खाली वाजत होतं. गायिका ओळखू येईना. शेवटी ५० हर्ट्झची पुली मागवून बसवली. क्वार्ट्झ स्फटिकाने वेग ठरवणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्हला हा त्रास नाही, तिथे फक्त व्होल्टेज बघा.

वैशाख_वणवा:
मशीन कोणतंही घ्या हो, आधी रेकॉर्ड वाचवा! माझ्या मेहुण्यांनी मागच्या मे महिन्यात मुंबईहून समृद्धीने येताना डिकीत एलपी ठेवल्या. घरी काढल्या तर पार वाकलेल्या, पिन त्यावर टिकतच नाही. नागपूरच्या उन्हात बंद गाडीत व्हिनाइल मऊ पडतंच. घरीही पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, उभ्या ठेवा, एकावर एक आडव्या रचू नका. आणि डेझर्ट कूलरच्या झोतात तर नाहीच नाही. कव्हरला बुरशी येते आणि कूलरचा थरथराट स्पीकरमध्ये घुमतो.

इतवारी_काटा:
कूलरचं अगदी बरोबर. मी प्लेअरखाली कडप्पा टाकला, थरथराट गेला.

बेल्टप्रेमी:
कडप्पा चुकीचा. रेगाला हलका, ताठ शेल्फ हवा, तोही भिंतीवर.

इतवारी_काटा:
भिंतीवर? खिडकीतला कूलर त्याच भिंतीला टांगलाय भाऊ! आमच्या घरी कडप्पाच चालतो, ऐकून बघा आणि मग बोला.

आणखी एक. पिनचं वजन, म्हणजे रेकॉर्डवर पडणारा भार, अंदाजाने ठेवू नका. इतवारीच्या सराफ्यात वापरतात तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा घ्या. ऑर्टोफॉन २एम रेड, ब्लू दोन्ही कार्ट्रिजना १.८ ग्रॅम. हलकं ठेवलं की रेकॉर्ड वाचते असं लोक सांगतात, ते खरं नाही. हलकी पिन खोबणीत उडते आणि जास्त खरवडते. काट्याचा पृष्ठभाग रेकॉर्डच्या उंचीला येईल असं बघा.

रामदासपेठ_ताई:
धुण्याबद्दल कोणीच बोललं नाही. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, क्षार खोबणीत बसतात. डिस्टिल्ड वॉटर, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मायक्रोफायबर. पण हे फक्त व्हिनाइलला! लाखेच्या ७८ला अल्कोहोल लावलं तर लाख विरघळते. काकांच्या रेकॉर्ड आहेत म्हणून मुद्दाम सांगतेय.

सदरवाला:
इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं पाणी चालते. मी तेच वापरतो.

रामदासपेठ_ताई:
त्या कॅनमध्ये काय भरलंय याची खात्री कोण देणार? औषधाच्या दुकानात विचारा.

सदरवाला:
माझ्या रेकॉर्डला काही झालं नाही ताई.

तानपुरा_जवारी:
पाण्यावरून भांडू नका. ७८चा मुद्दा राहिला. एलपीची पिन ७८च्या खोबणीत तळाशी जाऊन खडखडते. ७८ला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड पिन लागते, एलपीच्या जवळजवळ चौपट. म्हणून हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसते तो तुकडा) निघणारा आर्म घ्या, दोन हेडशेल तयार ठेवा, वजन जुळवा आणि अदलाबदल करा. माझं मत, टेक्निक्स एसएल-१२००जीआर. ७८ आहे, वेग क्वार्ट्झने बांधलेला. दीडच्या वर जाईल, पण पुन्हा घ्यावं लागणार नाही.

न्यूजर्सी_रिटर्न:
+१. १२००जीआर.

वैशाख_वणवा:
+१. जुनं १२०० एमके२ घेऊ नका, डीजे लोकांनी आर्मचे बेअरिंग ढिले करून ठेवलेले असतात.

बेल्टप्रेमी:
बजेट विसरायचंच असेल तर रेगा प्लेनर ८. ७८साठी वेगळं मशीन घ्या.

मनीषनगरकर:
सगळ्यांचे आभार. तानपुऱ्याची परीक्षा आणि ताईंची लाखेबद्दलची सूचना फारच उपयोगी पडली. विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो, काकांची एक घासलेली एलपी बरोबर नेली आणि तीच दोन मशीनवर ऐकली. टेक्निक्स एसएल-१५००सी घेतलं. ३३, ४५, ७८ तिन्ही आहेत, फोनो स्टेज आतच आहे, २एम रेड सोबत आली. ७८साठी दुसरं हेडशेल आणि जाड पिन घेतली. दीड लाखाच्या आत बसलं.

तानपुरा_जवारी:
चांगलं मशीन आहे, पण आतला फोनो स्टेज आणि रेड पिन ही काटकसर झाली. १२००जीआरचा आर्म आणि थाळी बघितली असती तर बरं झालं असतं. शेवटच्या द्रुतात कळेल.

मनीषनगरकर:
जीआर बघितलं, ऐकलं, आवडलंही. पण १५००सीमध्ये बाजू संपली की आर्म आपोआप वर उचलला जातो. काका ८३ वर्षांचे आहेत. दुपारी कुमारजी लावतात आणि ऐकता ऐकता डोळा लागतो. पिन तासभर शेवटच्या खोबणीत फिरत राहते. इथे कोणी हा मुद्दा काढला नाही, पण आमच्या घरात तोच आधी येतो. रेड पिन झिजली की त्याच कार्ट्रिजवर ब्लूची सुई लावीन. जवारीभाऊ, द्रुतात फाटतं का ते ऐकून लिहितो.

सदरवाला:
अभिनंदन. तरी सांगतो, लिन एकदा ऐकायला या. सदरला आहे, रविवारी घरीच असतो. काकांना पण आणा.

रामदासपेठ_ताई:
फिएस्टा देणार असाल तर मला कळवा. दुरुस्त करून वापरीन.