प्रिफरेन्शियल टॅरिफला मराठीत काय म्हणायचं?

शहापूरकर: मुलगा एमए करूलालाय, त्याच्या नोट्समध्ये 'प्राधान्य शुल्क' असं आलंय, हाँगकाँग इंग्रजांकडं असतानाच्या वाटाघाटींबद्दल. मला वाटलं जादा पैसे भरून लाईन तोडायची फी, देवळात स्पेशल दर्शनाचं तिकीट असतंय तसलं. अर्थ निघाला उलटाच, कमी जकात! शब्द चुकलाय का माझं डोकं, सांगा की.

निपाणीचा: डोकं ठीक आहे, शब्दच फसवा. 'सवलतीची जकात' म्हणा, विषय संपला.

खानापूर रोड: जकात म्हटलं की आपल्या पिढीला वेशीवरचा नाका आठवतोय, परदेशी मालाला आयात शुल्कच बरं. पण 'सवलत' मात्र एकदम बरोबर, कारण सवलत म्हणजे देणाऱ्याची मर्जी, हक्क न्हवं. 1968 ला दिल्लीत अंक्टाडच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास संस्थेच्या, परिषदेत विकसनशील देशांच्या मालाला अशी सवलत द्यायचं ठरलं, जुलै 1971 ला युरोपियन समुदायानं ती चालू केली आणि हाँगकाँगला आत घेतलं खरं पण कापड आणि पादत्राणं वगळून, म्हणजे ज्यात ते पक्के नेमकं तेच बाहेर. जेवायला बोलवायचं नि भात वाढायचा नाही. त्यात वसाहत असल्यामुळं बाजू मांडणार लंडन, आणि लंडनच्याच घरात लँकेशायरचे गिरणीवाले, ज्यांच्यासाठी 1959 ला हाँगकाँगला सुती कापडावर मर्यादा घालून घ्यावी लागलेली. तिला नाव काय, तर 'स्वेच्छा' मर्यादा!

निपाणीचा: 'स्वेच्छा'वर वेगळी चर्चा काढा.

अनगोळ: कन्नडात जकातीला सुंक, आपल्या शुल्काचाच भाऊ. म्हण पण आहे, 'सुंकदवन मुंदे सुखदुःख हेळिकोंडंते'. जकातवाल्याफुडं सुखदुःख सांगून काय हशील? आणि गंमत बघा, हा 'हशील' पण जुन्या मराठीत कर, सारा याच अर्थाचा.

शहापूरकर: व्हय की, हे माहीतच नव्हतं. मग 2019 ला अमेरिकेनं भारताची काढली ती जीएसपी, 'जनरलाइज्ड सिस्टीम ऑफ प्रेफरन्सेस', ती पण हीच सवलत का? भावाची उद्यमबागेत फौंड्री आहे, तेव्हा घरात दुसरा विषयच नव्हता.

खानापूर रोड: हीच, 5 जूनपासून बंद झाली. आणि हाँगकाँगची त्यांनी 1989 लाच काढलेली, सिंगापूर, तैवान, दक्षिण कोरियासकट, आता तुम्ही मोठे झालात म्हणून. त्याला 'ग्रॅज्युएशन' म्हणतात.

शहापूरकर: आत्ता कळलं! नोट्समध्ये तिथं 'पदवीदान' लिहिलंय ओ.