खाडीच्या नावाने याचिका करता येते का? सल्ला हवा

दहिसरकर
मंडळी, आमच्या सोसायटीमागे खाडीत रात्री डंपर येतात, राडारोडा ओतून जातात. तिवरं वाळायला लागलीत. तक्रार केली की पालिका वनखात्याकडे बोट दाखवते, वनखातं कलेक्टर ऑफिसकडे. गंगा-यमुनेला कोर्टाने व्यक्तीचा दर्जा दिला होता ना? तसं खाडीलाच अर्जदार करता येईल का? वकीलही सुचवा.

तिखटमीठ
तो दर्जा औटघटकेचा ठरला. उत्तराखंड हायकोर्टाचा निकाल मार्च 2017चा, जुलैत सुप्रीम कोर्टाची स्थगिती. राज्य सरकारच म्हणालं, उद्या पुरात नुकसान झालं तर भरपाई नदीकडून मागायची की आमच्याकडून?

सातबारा
कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. आमच्या गावी देवळाची जमीन देवाच्या नावावर आहे, सातबाऱ्यावर देवच मालक! प्रश्न देवाच्या वतीने बोलणार कोण, हा. उत्तराखंडात पालक नेमले तेही सगळे सरकारी. न्यूझीलंडच्या वांगानुई नदीला 2017च्या कायद्याने दोन प्रतिनिधी मिळाले, एक सरकारचा, एक तिथल्या माओरींचा. इथे तसं करायचं तर कोळीवाड्यातलं माणूस हवंच. ओहोटीला चिखलात उतरणारा तोच.

हायकोर्टवारी
दहिसरकर, व्यक्तीचा दर्जा तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या हातात त्याहून धारदार हत्यार आहे. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर 2018मध्ये कांदळवनतोडीवर (म्हणजे तुमची तिवरं तोडण्यावर) राज्यभर बंदी घातली. जमीन खाजगी असली तरी सुटका नाही, भोवतालच्या 50 मीटर पट्ट्यातही भराव नको. अंमलबजावणीसाठी कोकण विभागीय आयुक्तांची समितीही नेमली. तक्रार तिथे करा, प्रत वनखात्याच्या कांदळवन कक्षाला, निकालाचा उल्लेख ठळक. मग 'आमची हद्द नाही' म्हणणं जड जातं.

आणि पुरावा. वाळलेल्या झाडाचा फोटो पुरत नाही. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळं आणि त्यांच्यावर बसलेला राडारोडा एका चौकटीत घ्या, तारीख आणि लोकेशन दिसू द्या. मुळं गाडली की झाड गुदमरतं. भरतीचं पाणी कुठे बांध घालून अडवलंय का, तेही बघा. ही जुनी चाल आहे: पाणी तोडायचं, झाडं मेली की 'इथे कांदळवन नव्हतंच' म्हणायचं. गूगल अर्थवरची जुन्या वर्षांची चित्रं काढून ठेवा.

दहिसरकर
हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाचे खटले ऐकणारं ते न्यायाधिकरण?

हायकोर्टवारी
पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. भरपाई मागायची नसेल तर फी हजार रुपये, स्वतःही बाजू मांडता येते. पण हरित लवाद कायद्याच्या कलम 14खाली सहा महिन्यांची मुदत असते, ती पहिल्यांदा कारण घडल्यापासून मोजतात. तक्रारींच्या पोचपावत्या जपा, पण उत्तराची वाट बघण्यात मुदत घालवू नका. वकिलाचं नाव व्यनि (खाजगी निरोप) करतो.

तिखटमीठ
डंपरचा नंबर टिपायला एकट्याने रात्री जाऊ नका हो. गच्चीवरून झूम करा.

दहिसरकर
गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते. त्यांना आज गाठतो.