रिॲलिटी शोच्या ऑडिशनला परत जावं का?

कॉलरवाली:
मी सोलापूरची, वय ४३. युनिफॉर्मच्या कारखान्यात शाळेच्या शर्टांना कॉलर लावते. गाणं म्हणजे गल्लीतलं भजनी मंडळ, नाहीतर मशीनवर बसल्या बसल्या गुणगुणणं. गेल्या महिन्यात धीर करून गाण्याच्या एका शोच्या ऑडिशनला पुण्याला गेले. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली, डब्यात कडक भाकरी नि शेंगाचटणी. साडीला नंबराचा कागद पिनेनं लावला होता, तो हलला की पिन टोचायची. चार वाजता आत घेतलं. टीव्हीवरचं ओळखीचं कुणीच नाही, लॅपटॉप घेऊन दोन पोरं बसलेली. ध्रुवपद संपलं नि अंतरा उचलणार तोच "थँक्यू ताई". मग एकानं विचारलं, "घरची काही स्टोरी आहे का? मिस्टर वगैरे?" म्हणलं, मिस्टर ठणठणीत आहेत, यंत्रमागावर असतात. त्याचं तोंडच उतरलं.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "एक हजेरी बुडवून काय आणलंस?" दुसरं शहर जाहीर झालंय. जावं का परत?

पूर्वभागकर:
ताई, राग मानू नका, पण नका जाऊ. कौन बनेगा करोडपतीत २०११ साली ५ कोटी जिंकलेला मोतिहारीचा सुशीलकुमार आठवतोय? जिंकल्यानंतरचा काळ आयुष्यातला सगळ्यात वाईट होता, असं त्यानं २०२० मध्ये स्वतःच लिहिलं होतं. लोकांनी फसवलं, व्यसन लागलं. जिंकणाऱ्याची ही तऱ्हा, तर रांगेतल्याचं काय घेऊन बसलाय!

बाळीवेसचा_बंड्या:
काय बे काका, एकच बाजू सांगायलास! त्याच कार्यक्रमात २०१९ ला अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे १ कोटी जिंकल्या. शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या, महिना दीड हजारावर. त्यांनाही घरात कुणी म्हणलंच असेल की, कशाला जातीस म्हणून. ताई, जा बिनधास्त. एका रिकाम्या हजेरीनं घर बुडत नसतं.

पूर्वभागकर:
तो प्रश्नोत्तरांचा खेळ आहे, बंड्या. उत्तर बरोबर तरी असतं नाहीतर चूक. गाण्यात बरोबर-चूक कोण ठरवणार? ती लॅपटॉपवाली पोरं. आणि 'एक रिकामी हजेरी' हे पगारी माणसानं म्हणावं. पीसवर काम करणाऱ्याला त्या दिवशी शून्य मिळतं, वर प्रवासखर्च वेगळा.

पडद्यामागचा:
मी पुण्यात अशा दोन सीझनला को-ऑर्डिनेटर होतो, म्हणून थोडं सांगतो. पहिल्या फेरीत बडे परीक्षक नसतातच. बसतात ती निर्मितीवाल्यांची माणसं. एकेकाला जेमतेम मिनिट-दीड मिनिट मिळतं, त्यामुळे जे काही आहे ते पहिल्या वीस सेकंदांत दाखवावं लागतं. अंतऱ्यात जीव असेल तर थेट अंतराच उचलायचा, हे रांगेत कुणी सांगत नाही. 'स्टोरी' विचारतात ते खरंच आहे. सूर बरे असलेले ढीगभर येतात, मग त्यातून ज्याच्यावर दोन मिनिटांची फिल्म होईल तो निवडायचा. पुढं गेलात तर एका कागदावर सही घेतात, त्यानंतर तुमचं रडणं कुठं कापायचं नि कुठं जोडायचं ते त्यांच्या हातात. आणि सिलेक्शन करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ फोन ठेवा.
ताई, खरंच काही गोष्ट नव्हती का सांगण्यासारखी?

कॉलरवाली:
होती. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. हजार विड्यांचा हिशोब पुरा करायला रात्री बारापर्यंत बसायची. माझी पहिली गाणी त्या सुपाशेजारी पाठ झाली. जिभेवर आलं होतं, पण नाही सांगितलं. त्या पोरानं लगेच डोळे चमकवले असते, ते मला बघवलं नसतं.

बाळीवेसचा_बंड्या:
अहो मग हेच सांगायचं की! यात लाज कसली? आपल्या सोलापूरच्या निम्म्या पूर्व भागातल्या आयांनी विड्या वळल्यात.

कॉलरवाली:
लाज नाही रे भाऊ. लाज असती तर इथं लिहिलं असतं का?

सातरस्ता_आजोबा:
बंड्या, तुला कळायचं नाही ते. बाई, माझं ऐकाल तर शो राहू द्या, पण मंचाची भीती घालवा. आपल्या हुतात्मा स्मृती मंदिरात मी नाटकात उभा राहिलोय. मागच्या रांगेतून शिट्टी आली की पाय लटपटतात, पण तिथं तुम्हाला अंतऱ्याआधी कुणी थांबवत नाही. गणपतीत मंडळं गाणाऱ्यांना शोधत असतात.

पूर्वभागकर:
आजोबांशी सहमत.

सुईदोरा:
मी नाही सहमत. मंडळाच्या मंचावर रात्री दहाला बाई गायला उभी राहिली तर सासूबाई काय म्हणतील, ते आजोबांना कसं माहीत असणार? पुण्यात निदान ओळखीचं कुणी नसतं. मी स्वयंपाकाच्या स्पर्धेला गेले होते, पहिल्याच फेरीत बाहेर. पण सोलापूर सोडून एकटीनं रेल्वेनं गेले ती पहिली वेळ होती, तेवढ्यासाठी परत जाईन. ताई, स्टोरी विचारली तर म्हणा, नाही. गाऊन या.

कॉलरवाली:
सगळ्यांचं वाचलं. पडद्यामागचा भाऊंचं अंतऱ्याचं डोक्यात बसलं. काल जेवणाच्या सुट्टीत मशिनी बंद असताना थेट अंतराच उचलला. सुपरवायझर म्हणाला, आवाज खाली. पुढच्या दोन बायकांनी मात्र डबा खाता खाता ताल धरला.
फॉर्म भरलाय. हजेरी बुडणार, ते सासूबाईंना अजून सांगायचंय.

बाळीवेसचा_बंड्या:
ते ठीक, पण गाणं कोणतं ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही!

कॉलरवाली:
नाथांची गवळण. आईची.